तापाचा कागद कुणी लिहिला?

भिगवण परिसरातल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही सहयोगिनी आज तुमच्याशी बोलतोय. एरवी आम्ही व्याजाचं बोलतो, शेळ्यांचं बोलतो, बँकेच्या हप्त्याचं बोलतो. आज लेकरांच्या तापाचं बोलायचं आहे, आणि तेही इतिहासाच्या अंगानं. तुम्ही म्हणाल, तापाला कसला आला इतिहास? ताप येतो नि जातो. पण ताप आल्यावर काय करायचं हे आपल्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि त्या सांगण्याला इतिहास असतो.

हे आमच्या डोक्यात आलं ते कर्जाच्या रजिस्टरवरून. गटाच्या अंतर्गत कर्जाच्या रजिस्टरात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, शाळेची फी, खत, आणि मग 'दवाखाना'. पाऊस सुरू झाला की दवाखाना हा शब्द एकाखाली एक उतरत जातो. कुणाला काय झालं होतं म्हणून विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच, पोराला ताप होता.

त्यातलं एक कर्ज आमच्या लक्षात राहिलं. गटातल्या एका मावशींची दहा महिन्यांची नात तीन दिवस तापात होती. घरच्यांनी काहीच कसूर केली नाही. तापाचं सिरप वेळच्या वेळी दिलं, रात्र रात्र जागून कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. दर वेळी ताप उतरायचा, घर हुश्श करायचं, पुन्हा चढायचा. चौथ्या दिवशी आशाताई भलत्याच कामासाठी घरी आल्या होत्या. त्यांनी पोरीचं झबलं वर केलं आणि घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला साठाच्या वर गेले. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. न्यूमोनिया होता. तसंच उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं, कर्ज काढलं, पोर वाचली.

नंतर मावशी आम्हाला म्हणाल्या, "आम्ही तर कागदावर लिहिलं तसंच केलं." त्यांनी तो कागद दाखवलासुद्धा. कुठूनसा मिळालेलं एक रंगीत पत्रक होतं. किती तापाला किती औषध, पट्ट्या कशा ठेवायच्या, हे सगळं चित्रांसह होतं. श्वासाबद्दल एक ओळ नव्हती. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, हेही नव्हतं. खाली तेवढी एका औषधाच्या बाटलीची जाहिरात.

डॉक्टरांच्या जगात अशा कागदाला मार्गदर्शक सूचना म्हणतात. नर्सबाईंनी काय करायचं, डॉक्टरांनी काय करायचं, आईनं घरी काय करायचं, ते सगळं अशा सूचनांमधून ठरतं. आम्ही आपलं साधं नाव ठेवलं, तापाचा कागद. आपल्या मुलखात आजवर कोणकोणते तापाचे कागद येऊन गेले, ते आम्ही शोधायला लागलो.

एक जुना आणि वाईट कागद सव्वाशे वर्षांपूर्वीचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारनं साथरोगाचा कायदा केला. पुण्यात रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली समिती नेमली. नियम असा की घरोघर झडती घ्यायची, ताप आणि गाठ दिसली की माणसाला उचलून न्यायचं, घरच्यांनाही वेगळ्या छावणीत ठेवायचं, सामान जाळायचं. झडतीला गोरे सोजीर. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी वेगळी. कागदावर हा नियम शास्त्रानुसारच होता, रोगी वेगळा काढला तर साथ थांबेल असा. पण ज्यांच्या घरात तो लागू व्हायचा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग लोकांनी काय केलं? ताप लपवला. आजारी माणसं माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे लपवली. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास शाळेत शिकवतात. तापलेल्या लेकराला कणगीमागे दडवून बसलेल्या आईचा इतिहास शिकवत नाहीत.

त्याच साथीत, त्याच जिल्ह्यात, सावित्रीबाई फुल्यांनी दुसरी वाट दाखवली. त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. तिथे सोजीर नव्हते, जातीची अडकाठी नव्हती. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातला मुलगा प्लेगनं तापला आहे हे कळल्यावर सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घालून दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लपवलेला ताप आणि पाठीवर आणलेला ताप, यातलं अंतर आमच्या डोक्यातून जात नाही.

दुसरा कागद आपल्यापैकी वयस्कर बायांना आठवत असेल. हिवतापाचा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ पासून तो निर्मूलनाचा झाला. डीडीटीची फवारणी व्हायची आणि भिंतीवर तारीख टाकली जायची. मलेरियाचा कर्मचारी पंधरा दिवसांनी दारात यायचा, 'कुणाला ताप आहे का' म्हणून विचारायचा, बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि तिथल्या तिथं कडू गोळ्या गिळायला लावायचा. क्लोरोक्विनच्या त्या गोळ्या. रक्ताचा निकाल यायला कित्येक दिवस लागायचे, म्हणून आधी गोळी, मग निकाल.

त्या काळी तो कागद चांगला होता. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई झाली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. आपल्याकडे त्याच सुमाराला उजनीचं धरण होत होतं, गावं पाण्याखाली जात होती, माणसं नव्या जागी संसार मांडत होती. आज भिगवणला लोक रोहित पक्षी बघायला येतात, मासळी घ्यायला येतात. त्या पाण्याच्या काठाला डास काही नवे नाहीत.

गोची दुसरीकडे होती. 'ताप म्हणजे मलेरिया समजा आणि गोळी द्या' ही सवय लागली की बाकीचे ताप दिसेनासे होतात. न्यूमोनियाच्या लेकरालाही मलेरियाची गोळी मिळते. आईला वाटतं उपचार झाला, ती दोन दिवस वाट बघते, आणि तेच दोन दिवस महाग पडतात. शिवाय क्लोरोक्विनला न जुमानणारा मलेरिया १९७३ मध्येच आसामात सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये नियम बदलला, आधी तपासणी, मग मलेरियाचं औषध. आता बोटातल्या थेंबावर पंधरावीस मिनिटांत सांगणारी पट्टी आहे, म्हणून तो नियम पाळता येतो. म्हणजे कागद बदलला तो हातात नवी वस्तू आली म्हणूनही.

औषधांच्या कागदाचं थोडक्यात सांगतो. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे आणि कित्येक पिढ्यांनी ते पोरांच्या तापावर बिनधास्त दिलं. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर राय यांनी लेकरांचा मेंदू आणि यकृत निकामी करणारा एक आजार नोंदवला. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन घेतलेल्या मुलांमध्ये तो जास्त दिसतो हे पुढे ध्यानात आलं. १९८६ मध्ये इंग्लंडनं बारा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही असं ठरवलं. अमेरिकेतही त्याच वर्षी बाटलीवर इशारा छापणं सुरू झालं. आपल्याकडचं ताजं उदाहरण निमेसुलाइडचं. 'झटकन ताप उतरवतं' म्हणून ते सिरप गावोगाव खपलं. यकृतावर परिणाम होतो म्हणून फिनलंड आणि स्पेननं २००२ मध्ये ते थांबवलं. आपल्या सरकारनं बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्यावर बंदी घातली २०११ मध्ये. मधली नऊ वर्षं आपली लेकरं ते पीत होती. बंदीनंतरही आमच्या एका सभासदाला एका दुकानात 'मोठ्यांची गोळी अर्धी करून द्या' असं सांगितलं गेलं होतं. दिल्लीत निघालेला कागद दुकानाच्या फळीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात, हे कोण मोजतं?

आता ज्याच्यासाठी एवढं बोललो ती गोष्ट, गडचिरोलीची. ही जरा निवांत सांगणार आहोत.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. जंगलाचा जिल्हा, पावसाळ्यात वाटा बंद, डॉक्टर लांब. लेकरं कशानं मरतात याचा त्यांनी माग काढला तेव्हा न्यूमोनिया वर आला. न्यूमोनिया ओळखायचा कसा? डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, एक्स-रे काढतात. गावात यातलं काय आहे? पण पापुआ न्यू गिनी या लांबच्या देशातल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. खोकला असलेलं लेकरू शांत असताना त्याचे श्वास मोजा, वेग फार असेल तर न्यूमोनिया धरा. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावरून आकडे ठरवले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त. आपल्या आज्या काय म्हणायच्या? 'पोराला डबा झालाय, पोट उडतंय.' तेच ते. आजीनं पाहिलेलं होतं, आकडा तेवढा घातलेला नव्हता.

'सर्च'नं गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना हे शिकवलं, आणि न्यूमोनिया ठरला तर द्यायला प्रतिजैविक औषध त्यांच्याच हाती दिलं. डॉक्टर मंडळींना तेव्हा हे धाडसच वाटलं असणार. नुसतं शिकवून ते थांबले नाहीत. ५८ गावांत हे काम केलं आणि ४४ गावांत नेहमीचीच सरकारी व्यवस्था राहू दिली. दोन्हीकडचे जन्म-मृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदवले. १९९० साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचा निकाल छापून आला. गावच्या माणसांनी ६१२ न्यूमोनिया बरे करायला घेतले, त्यात शंभरी एकापेक्षाही कमी लेकरं दगावली. जिथे हे काम नव्हतं तिथे शंभरात तेरा-चौदा. पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियानं होणारे मृत्यू त्या ५८ गावांत दुसऱ्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले.

यातला आमच्या मते सगळ्यात मोठा भाग निकालाचा नाही, मण्यांचा आहे. सुइणी हुशार, हात सराईत, पण बऱ्याच जणींना पन्नासपर्यंत मोजता यायचं नाही आणि हातात घड्याळ नाही. आता पुस्तकात 'पन्नास' लिहिलंय, ते बरोबर आहे, शास्त्रानं तपासलेलं आहे, आणि तरी त्या बाईच्या उपयोगाचं नाही. इथं दोन गोष्टी करता येतात. एक, बाई अडाणी आहे म्हणून तिला बाजूला सारायचं. दुसरी त्यांनी केली. लाकडाच्या एका साधनावर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत तर मोजता येतं! वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली की न्यूमोनिया. बाईला आकड्याकडे नेण्याऐवजी आकडाच बाईकडे आणला. भाकरी थापणाऱ्या, पोळपाट-लाटण्यानं हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना यातलं मोल कळायला पीएचडी लागत नाही.

पुढे त्यांनी नवजात बाळांकडे लक्ष वळवलं. ३९ गावांत गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडून तिला बाळंतिणीच्या घरी जायला, बाळाचं तापमान बघायला, वजन करायला, जंतुदोष ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. इंजेक्शनवरून बरीच चर्चा झाली. १९९९ मध्ये निकाल आला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं हे देशभरच्या आशाताईंचं काम झालं. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई तुमच्या दारात येतात ना, त्या पावलांचा माग गडचिरोलीपर्यंत जातो. मग त्या आल्या की बाळ झोपलंय म्हणून त्यांना परत पाठवू नका. झोपलेल्या बाळाचे श्वास मोजायला सोपे जातात.

दरम्यान जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मिळून आजारी मुलासाठी एकच एकत्र तक्ता केला होता, आणि २००३ च्या सुमारास भारतानं आपल्यासाठी त्यात बदल करून घेतले. आपल्याकडची बाळं पहिल्या आठवड्यातच जास्त जातात, म्हणून पहिल्या सात दिवसांची बाळंही त्यात घेतली. त्यात गुलाबी, पिवळा, हिरवा असे रंग आहेत. गुलाबी म्हणजे आत्ताच्या आत्ता मोठा दवाखाना. लेकरू काही पीत नाही, अंगावर ओढत नाही, घेतलं ते सगळं ओकून टाकतं, झटके आले, गुंगीत आहे, हाक मारली तरी बघत नाही. ताप शंभर असो की एकशे चार, यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नाही. मान ताठ झाली तरी तेच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा अंग गार पडलं तरी घरी वाट बघायची नाही.

बघा, या तक्त्यात थर्मामीटर आहे, पण राज्य त्याचं नाही. राज्य लेकराच्या वागण्याचं आहे. मावशींच्या पत्रकात नेमकं उलटं होतं.

पण सगळे चांगले कागद एकमेकांशी जुळतात असं समजू नका. आम्हालाही आधी तसंच वाटायचं, डॉक्टरी शास्त्र म्हणजे एकच उत्तर. तापाच्या औषधाचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात काखेत साडेअडतीस अंश, म्हणजे आपल्या जुन्या मापानं एकशे एकच्या थोडं वर, गेल्यावर पॅरासिटामॉल. इंग्लंडमध्ये २००७ साली सरकारी मार्गदर्शन निघालं, त्याचा सूर वेगळा. आकडा खाली आणण्यासाठी औषध देऊ नका, लेकरू कासावीस असेल तर द्या. पाण्यानं अंग पुसण्याची शिफारसही ते करत नाहीत. आपल्याकडे मात्र कोमट पाण्यानं पुसा असं सांगणारे डॉक्टर अजून आहेत. एकमत आहे ते एवढ्यावर की बर्फाचं किंवा गार पाणी वापरायचं नाही. त्यानं लेकराला हुडहुडी भरते आणि ते अजून बेजार होतं. आणि तापाच्या औषधानं झटके टळतात हा समजही तपासण्यांमध्ये टिकला नाही. झटका आलाच तर लेकराला कुशीवर करायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवत वेळ घालवायचा नाही.

तापाची भीती काही आपल्या खेड्यातल्या बायांनाच नाही बरं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या श्मिट नावाच्या डॉक्टरांनी पालकांशी बोलून लिहिलं की लोक तापाला नको इतके भितात. त्या भीतीला त्यांनी नावच दिलं, 'तापाचा बागुलबुवा' असं आपण म्हणू. तिथले आईबापही आकडा बघून गळाठणारे, आपल्यासारखेच.

डेंग्यूचा कागद तर सगळ्यालाच उलटा आहे. तिथे ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप गेला, घरानं नारळ फोडला, आणि पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, नाकाहिरड्यांतून रक्त आलं, तर तो दिवस सगळ्यात जपायचा. म्हणूनच डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही.

मग कागद चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? डॉक्टरांनी त्यासाठीही एक कसोटी केली आहे, 'ॲग्री' नावाची. २००३ मध्ये पहिली, नंतर सुधारून तेवीस प्रश्नांची. एका गटाच्या बैठकीत आम्ही ती आपल्या भाषेत सांगितली. हा कागद कशासाठी आणि कुणाच्या लेकरासाठी आहे ते लिहिलंय का? लिहिताना कोण कोण बसलं होतं, आयांना विचारलं का? पुरावा शोधला की 'आम्ही सांगतो म्हणून'? वाचून नेमकं काय करायचं ते कळतं का? आपल्या गावात, आपल्या पैशात ते करता येतं का? लिहिणाऱ्याचा त्यात पैशाचा फायदा होता का? शेवटच्या प्रश्नावर सगळ्याच बाया हसल्या. मावशींच्या पत्रकाखालची बाटली सगळ्यांना आठवली.

या कसोटीला लावून तज्ज्ञांनी देशोदेशींचे तापाचे कागद तपासले आहेत आणि कितीतरी कागद काही प्रश्नांवर कच्चे निघाले. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. पण एक तक्रार आमची या कसोटीबद्दलही आहे. ती कागद तपासते, कागद दारात पोचला का हे तपासायला पुरी पडत नाही. मण्यांची गोष्ट तिच्यात कुठे बसवाल?

त्याच बैठकीत आम्ही घराघरातल्या बाटल्या मागवल्या. पॅरासिटामॉलच्याच, पण तीन तऱ्हेच्या निघाल्या. एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत पाचमध्येच २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १००. म्हणजे थेंबांच्या बाटलीतलं पाच मिलिलिटर दिलं तर ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची गोळी! 'एक चमचा द्या' हे वाक्य किती धोक्याचं आहे ते त्या टेबलावर सगळ्यांना दिसलं. घरातला चहाचा चमचा तर कुणाचा केवढा. डोस वजनावर ठरतो, किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत चार ते सहा तास अंतर. म्हणून अंगणवाडीतलं लेकराचं वजन लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, 'या बाटलीतलं किती मिली?' बाटली बदलली की पुन्हा विचारा. लाजू नका.

रजिस्टरातही आम्ही एक बदल केला आहे. 'दवाखाना' एवढंच लिहायचं नाही. किती दिवस ताप होता, श्वास कुणी मोजले का, कोणतं चिन्ह बघून नेलं, हे एका ओळीत लिहायचं. सुरुवातीला कुरकुर झाली, कर्जाला एवढ्या चौकश्या कशाला म्हणून. आता कुणी ओळ लिहिताना अडलं तर शेजारची बाई सांगते.

आणि मण्यांचं म्हणाल तर मावशींनी घरीच केले. जुन्या माळेतले हिरवे मणी ओवले, लाल मणी सुनेच्या तुटलेल्या माळेतला. मिनिट सून मोबाईलवर लावते. परवा आम्ही हप्ता घ्यायला गेलो तेव्हा नात झोपली होती. आता ती सव्वा वर्षाची आहे, सर्दी होती, अंग थोडं कोमट लागत होतं. मावशींनी झबलं वर केलं, ओठ हलवत दहा-दहा मोजले. तीन मणी सरकले, चौथा सरकायच्या आत मोबाईल वाजला. "नाही गेला लालपर्यंत," म्हणाल्या, झबलं खाली ओढलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.